सॅनबॉर्न नकाशांचा ऑनलाइन संग्रह: पाडलेली राउंडहाउस ओळखण्यासाठी कितपत कामाचा?

अमेरिकेत वाफेची इंजिनं गेली तशी शेकडो राउंडहाउसही (इंजिनं ठेवायच्या गोलाकार शेडही) गेली. डिझेल इंजिन फिरवून ठेवायची फारशी गरज उरली नाही, म्हणून भिंती पाडल्या, टर्नटेबल (इंजिन फिरवायचा मधला गोल फिरता पूल) भंगारात विकलं आणि खड्डा डबर-राखेने बुजवला. आज उपग्रहचित्रात तिथे झुडपांचं एक गोल बेट किंवा पार्किंगच्या कोपऱ्यातला वाकडा काठ दिसतो. तो गोल राउंडहाउसचाच आहे का आणि असल्यास त्याला किती खण (एकेका इंजिनाच्या जागा) होते, हे घरबसल्या ठरवायचं तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरचे सॅनबॉर्न नकाशे हे आमच्या मते सर्वात भरवशाचं मोफत साधन आहे. मात्र त्याच्या मर्यादा ठाऊक नसतील, तर तेच चुकीच्या वाटेला लावतं.

हे नकाशे मुळात आगीच्या विम्यासाठी काढलेले. 1867 पासून सॅनबॉर्न कंपनीने अमेरिकेतली हजारो गावं इमारत-इमारत करून मोजली. राउंडहाउसच्या कामाला ते इतके लागू पडतात ते मापामुळे. बहुतेक शीटवर 1 इंच म्हणजे जमिनीवरचे 50 फूट. म्हणजे 75 फुटी टर्नटेबल कागदावर दीड इंचाचं. तेच टर्नटेबल सरकारी सर्वेक्षणाच्या 1:24,000 नकाशावर एक मिलिमीटरही भरत नाही आणि 1:62,500 च्या जुन्या नकाशावर तर नुसता ठिपका होतो. त्या ठिपक्यावरून खण मोजता येत नाहीत. सॅनबॉर्नवर प्रत्येक भिंत, कडेचं मशीन शॉप, वाळूची खोली आणि पाण्याची टाकी सुटी दिसते.

रंगही बोलतात. गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड, करडा म्हणजे लोखंड-पत्रा. जागेवर काय शोधायचं ते यावरून आधीच कळतं: पिवळ्या राउंडहाउसच्या भिंती शोधत बसू नका, तिथे फार तर टर्नटेबलच्या खड्ड्याचा काठ आणि खणांमधले तपासणीचे पिट उरलेले असतात. मोठ्या इमारतीशेजारी रात्रीचा पहारेकरी, दिवे, इंधन, नळाची जागा अशा बारीक नोंदीही सापडतात. इमारत त्या वर्षी खरोखर वापरात होती का, याचा अंदाज त्यांवरून येतो.

आता अडचणी. पहिली आणि सर्वात मोठी म्हणजे व्याप्ती. विमा कंपनीला दाट वस्ती हवी होती. रेल्वेचं यार्ड गावाच्या टोकाला असेल तर ते शीटवर नसतं, किंवा कोपऱ्यातल्या चौकटीत तुटकपणे दिलेलं असतं. ती चौकट मुख्य नकाशाला जोडून वाचली की राउंडहाउस भलत्याच चौकात जाऊन बसतं. म्हणून प्रत्येक आवृत्तीची पहिली शीट आधी उघडा. तिच्यावर सूची असते आणि कुठली शीट कुठे बसते ते कळतं. उत्तर दिशाही दर वेळी वर असेलच असं नाही. बाण बघायचाच.

दुसरी अडचण शोधाची. राज्य, गाव, वर्ष अशी गाळणी चांगली चालते, पण नकाशावर लिहिलेलं ‘राउंड हाउस’ किंवा ‘टर्न टेबल’ शोधपेटीत टाकून सापडत नाही. शीट डोळ्यांनीच चाळावी लागते. तिसरी अडचण तारखेची. कंपनी ग्राहकांना दुरुस्तीचे कागदी तुकडे पाठवत असे आणि ते जुन्या शीटवर चिकटवले जात. अशा प्रतीत शीर्षकात एक वर्ष आणि इमारत कित्येक वर्षांनंतरची, असा घोळ होतो. चिकटवलेल्या तुकड्याची कड स्कॅनमध्ये मोठं करून पाहिल्यावर दिसते. इमारतीवर ‘आराखड्यावरून’ अशा अर्थाची इंग्रजी टीप असेल तर ती जागेवर मोजलेली नाही. तिच्यावरून काढलेली मापं कच्चीच समजा.

शीट सापडली की पुढचं काम गूगल अर्थ प्रोमध्ये. हे संगणकावरचं सॉफ्टवेअर 2015 पासून मोफत आहे. राउंडहाउस आणि आजही जागेवर असलेल्या दोन खुणा (चर्चचा कोपरा, रेल्वेपुलाचा पाया, जुना चौक) येतील एवढा भाग कातरून घ्या आणि ‘इमेज ओव्हरले’ म्हणून उपग्रहचित्रावर चढवा. दोन खुणा एकमेकींपासून जितक्या लांब तितकं बरं. पारदर्शकता निम्म्यावर ठेवून आधी फिरवा, मग सरकवा, मग ताणा. कोपऱ्याची खूण एकटीच ओढली की नकाशा तिरका ताणला जातो आणि टर्नटेबल अंड्यासारखं लांबट होतं. ते टाळायला मोजपट्टीतलं ‘सर्कल’ साधन टर्नटेबलवर टेकवून बघा: नकाशावरचा गोल सगळीकडून त्या वर्तुळाला लागला पाहिजे.

सराव उभ्या इमारतीवर करावा. नॉर्थ कॅरोलायनातल्या स्पेन्सर इथलं 37 खणांचं राउंडहाउस 1924 चं, टर्नटेबल 100 फुटी. सर्कल साधनात त्रिज्या 50 फुटांच्या आसपास आली नाही, तर गोल कुठून कुठपर्यंत धरायचा यात तुमचा हात अजून बसलेला नाही.

खण मोजायचं गणित सोपं आहे. टर्नटेबलच्या मध्यापासून बाहेरच्या भिंतीपर्यंतचं अंतर घ्या, समजा 200 फूट. बाहेरची भिंत सहसा खरी गोल नसते, खणागणिक सरळ तुकड्यांची असते. एक तुकडा 28 फुटांचा असेल तर 28 भागिले 200 म्हणजे 0.14 रेडियन, सुमारे 8 अंश. उरलेल्या पायाचा कंस 144 अंशांचा असेल तर खण 18. आकडा पूर्णांकाच्या जवळ येत नसेल तर मध्यबिंदू चुकला आहे. बहुतेकदा खड्ड्याऐवजी वरच्या झुडपांचा मध्य धरलेला असतो. बाहेरच्या भिंतीत मध्येच पायरी दिसली तर घाबरू नका. इंजिनं लांबली तशी काही खणांची मागची भिंत बाहेर ढकलत. म्हणूनच एका जागेची सगळी वर्षं उतरवून घ्यावीत. टर्नटेबलही बदलत: सुरुवातीची 50-60 फुटांची, पुढे 75, 85, 100 आणि टोकाला 135 फुटी, कारण युनियन पॅसिफिकचं बिग बॉय इंजिन टेंडरसह (मागच्या इंधन-पाण्याच्या डब्यासह) जवळपास 133 फूट होतं. एकात एक अडकलेले दोन काठ दिसले तर पहिला विचार या अदलाबदलीचा करावा.

फसवणारे गोल पुष्कळ आहेत. सांडपाणी प्रकल्पाच्या टाक्या, तेलाच्या टाक्यांचे पाये आणि जुन्या गॅस कारखान्यांच्या टाक्या या सगळ्यांचा व्यास टर्नटेबलच्याच टप्प्यात बसतो. टाक्या बहुधा जोडीने, सारख्या अंतरावर असतात आणि त्यांच्याकडे रूळ केंद्राच्या रोखाने जात नाहीत. टर्नटेबलला निदान एक वाट थेट मध्याकडे येणारी लागतेच. उलट, वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गसारखं पूर्ण छप्पर असलेलं राउंडहाउस असेल तर टर्नटेबल छपराखाली असतं आणि जुन्या हवाई छायाचित्रात खड्डा शोधून सापडणारच नाही.

सॅनबॉर्न नसलेल्या गावांसाठी सरकारी सर्वेक्षणाचं टोपोव्ह्यू हे जुन्या नकाशांचं संकेतस्थळ वापरा, पण 1:24,000 नकाशावर स्पष्ट खुणांनाही 40 फुटांपर्यंतची चूक मान्य धरलेली आहे. तेवढ्यात 75 फुटी खड्डा निम्म्याहून जास्त सरकतो. झाडीखालच्या जागेसाठी त्याच खात्याची लायडारची (विमानातून लेसरने मोजलेल्या जमिनीच्या उंचीची) चित्रं जास्त कामाची. पूर्ण न बुजलेला खड्डा त्यात उथळ बशीसारखा उमटतो. पूर्ण भरून सपाट केलेला असेल तर तिथेही काही दिसत नाही.

आमचा कल असा: नकाशांच्या मापाला आणि तपशिलाला पाचपैकी पाच, शोधसोयीला दोन, रेल्वे यार्डांच्या व्याप्तीला तीन. भारतातल्या जुन्या लोको शेडसाठी या संग्रहाचा काही उपयोग नाही.

जागेवर जाणार असाल तर मध्यभागी जाड बोल्ट वर आलेला काँक्रीटचा किंवा दगडी ठोकळा, काठाजवळ गोल रुळाची बैठक, आणि पंख्यासारखे पसरलेले लांबट पिट शोधा. हे तिन्ही मिळाले तर शंका उरत नाही. क्लिंकर (जळलेल्या कोळशाचे घट्ट खडे) आणि राख मात्र कुठल्याही यार्डात सापडते, तिच्यावरून निष्कर्ष काढू नका. बहुतेक जागा अजून रेल्वे कंपनीच्या किंवा खासगी मालकीच्या आहेत, तेव्हा लेखी परवानगी घ्या. तिथली माती तेलाने मुरलेली असते आणि जुन्या बॉयलरच्या आवरणातला ॲस्बेस्टॉस डबरात मिसळलेला असू शकतो, म्हणून उकरू नका.