मोर, पाऊस की चिऊताई? गोष्टीचा क्रम शिकवायला कोणतं गाणं घ्यावं

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ‘आधी काय झालं, मग काय झालं’ हे शिकवायला बडबडगीतासारखं साधन नाही. पण गाणी ढीगभर असतात. त्यातलं कोणतं घ्यायचं, हा प्रश्न जून आला की बालवाडीताईंना पडतो आणि घरी नातवंडांना घेऊन बसणाऱ्या आजीलाही. माझं मत आधीच सांगते. गाणं किती गोड आहे किंवा मुलांना किती पाठ आहे, हे बघून निवडू नका. त्यातल्या एका घटनेमुळे दुसरी घडते का, ते बघा. ओळी उलटसुलट केल्या आणि काहीच बिघडलं नाही, तर ते गाणं म्हणायला छान, पण क्रम शिकवायला उपयोगाचं नाही.

या कसोटीवर ‘अटक मटक चवळी चटक’ आणि ‘अडगुलं मडगुलं’ लगेच बाजूला पडतात. त्यांत ताल आहे, लाड आहेत, घडत मात्र काही नाही. चांदोबाचं गाणं अधलंमधलं आहे. लिंबोणी, करवंदी, मामाचा चिरेबंदी वाडा असं वर्णनच जास्त. सगळी गोष्ट शेवटच्या दोन-तीन ओळींत येते: चांदोबाला तूपरोटीला बोलावलं, तुपात माशी पडली, चांदोबा उपाशी राहिला. तेवढंच घेतलंत तर मुलांना क्रमाने लावायला तीन चित्रं चांगली निघतात.

अगदी लहान, नुकती तीस-चाळीस महिन्यांची मुलं असतील तर ‘इथे इथे बस रे मोरा’ला तोड नाही. मोर बसतो, चारा खातो, पाणी पितो आणि भुर्रकन उडून जातो. सगळं तळहातावर होतं, त्यामुळे चित्रांचीही गरज नाही. उणीव एकच. चारा आधी की पाणी आधी, याला कारण नाही. पण उडून गेलेला मोर चारा खाऊ शकत नाही, हे तीन वर्षांच्या मुलालाही कळतं. त्या वयाला सुरुवात आणि शेवट पक्के झाले तरी पुष्कळ.

‘ये रे ये रे पावसा’ सगळ्यांना येतं, म्हणून सगळे तेच घेतात. त्याची दोन कडवी मात्र सारखी नाहीत. पैसा खोटा झाला म्हणून पाऊस मोठा का यावा? तिथे खोटा-मोठा या यमकाने ओळी जोडल्या आहेत, कारणाने नाही. दुसरं कडवं बघा: मडकं भरायला सरीला बोलावलं, सर धावून आली, मडकं वाहून गेलं. इथे एकही चित्र हलवता येत नाही. शिवाय वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत कुठल्याही मुलाने पागोळ्यांखाली भांडं ठेवलेलं पाहिलेलं असतं. चार वर्षांच्या गटाला माझी पहिली पसंती या एका कडव्याला.

पाच वर्षांच्या पुढे चिऊ-काऊची गोष्ट घ्या. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. मोठा पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, काऊ दार ठोठावतो. पावसात खळ्याचं सारवण धुऊन गेलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना शेणाचं घर का गेलं हे सांगावं लागत नाही. पुढे चिऊ दार उघडायचं टाळत जाते: थांब, बाळाला न्हाऊ घालते, थांब, अंग पुसते, थांब, अंगडं घालते, थांब, तीट लावते. ही रोजच्या जगण्यातलीच साखळी आहे. अंग पुसण्याआधी अंगडं घातलं तर ते ओलं होईल, असं मुलं स्वतः सांगतात. हा सांधा ओळखता येणं, हेच तर शिकवायचंय. गोष्ट घरोघरी थोडी वेगळी सांगतात, म्हणून वर्गात एकच रूप ठरवून ठेवा. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्टही सुरेख आहे, पण जाताना भेटलेले प्राणी येताना पुन्हा भेटतात आणि मुलं गोंधळतात. ती वर्षाच्या शेवटी घ्या.

मूल इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत असेल तर जॅक अँड जिल, हम्प्टी डम्प्टी आणि इट्सी बिट्सी स्पायडर समोर येतात. हम्प्टी डम्प्टी म्हणजे अंडं, हे गाण्यात कुठेच म्हटलेलं नाही. ते चित्रात दाखवावं लागतं. जॅक अँड जिलमध्ये चढणं, पडणं, मागोमाग गडगडणं असा क्रम स्पष्ट आहे. तिघांत सरस कोळ्याचं गाणं: कोळी पन्हळीतून चढतो, पाऊस येतो, कोळी खाली वाहून जातो, ऊन पडतं, पाणी सुकतं, कोळी पुन्हा चढतो. बोटांनी करताही येतं. फक्त गोष्ट आधी मुलाच्या बोलीत सांगा. ‘मगे काय झाला?’ असं विचारलं की मालवणी घरातलं मूल भराभर बोलू लागतं. इंग्रजी ओळी नंतर आल्या तरी चालतात.

आता साधनं. छापील चित्रकार्डं सुबक असतात, पण आपल्या पावसाळ्यात लॅमिनेशन नसेल तर त्यांना बुरशी धरते. पुठ्ठ्यावर स्वतः काढलेली चित्रं तितकीच चालतात. मुलांच्या उंचीवर सुतळी बांधून चिमट्यांनी डावीकडून उजवीकडे लावा, म्हणजे वाचनाची दिशाही डोळ्यांत बसते. तरी मी आधी वस्तू घेईन, मग चित्रं. मडक्याऐवजी करवंटी, सर म्हणून तांब्याभर पाणी. याच कोकण किनाऱ्यावर, डहाणूजवळच्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, पानं, दगड अशा परिसरातल्या वस्तूंनाच शैक्षणिक साधन केलं होतं. चिंचोके मात्र लहानग्यांना देऊ नका, नाकात जातात. आणि गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी वर्गात आणूच नका, त्या विषारी असतात.

निवड जमली की नाही, हे गाणं म्हणवून कळत नाही. मूल यमकाच्या आधाराने सगळं गाणं म्हणतं आणि चित्रं तरी चुकीची लावतं. म्हणून चाल काढून टाका, चित्रं लावा आणि मुलांचं लक्ष नसताना दोन चित्रांची अदलाबदल करा. ‘मडकं वाहून गेलं, मग सर आली’ असं तुम्ही वाचल्यावर कुणी ‘असं कसं?’ म्हणालं, तर लगेच उत्तर सांगू नका. का नाही, हे त्यालाच सांगू द्या. कुणीच काही म्हणालं नाही, तर एक चित्र कमी करून दोनच ठेवा आणि करवंटीत पुन्हा पाणी ओता.