जुन्या लॅपटॉपवर लोकल सर्व्हर: झॅम्प, लॅरागॉन की नुसतं पीएचपी?

वेबसाइटचा प्रोजेक्ट आपल्याच लॅपटॉपवर चालवून बघायला लोकल सर्व्हर लागतो; त्यासाठी काय टाकू, असं नांदेड-लातूरकडची बीसीएची पोरं विचारतात, तेव्हा त्यांना उलट विचारावं लागतं: डेटाबेस लागणार आहे का? ४ जीबी रॅमच्या मशीनला अपाची, म्हणजे पानं ब्राउझरला पुरवणारा वेब सर्व्हर, फारसा जड होत नाही. बरीचशी रॅम विंडोजच घेतो, उरलेल्यात क्रोमचे टॅब आणि व्हीएस कोड. त्यात डेटाबेस दिवसभर चालू ठेवला की मशीन रडायला लागतं.

डेटाबेस नसेल तर मोठं पॅकेज टाकूच नका. पीएचपी या वेबसाइटच्या भाषेत ५.४ पासून, म्हणजे २०१२ पासून, स्वतःचा छोटा सर्व्हर आहे. पीएचपीची झिप उघडायची, तो फोल्डर विंडोजच्या पाथमध्ये जोडायचा, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडायचं, पीएचपी लिहून डॅश, कॅपिटल एस आणि पुढे लोकलहोस्ट:८०००. बंद करायला कंट्रोल-सी, मागे काही चालू राहत नाही. विंडोजवर तो एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतो, त्यामुळे पान आतून स्वतःच्याच सर्व्हरला हाक मारत असेल तर अडकतं. अपाचीसाठी नियम लिहिलेली एचटीअ‍ॅक्सेस फाइलही तो वाचत नाही. शिकायला यातलं काही आड येत नाही. नुसतं एचटीएमएल-सीएसएस असेल तर व्हीएस कोडचं लाइव्ह सर्व्हर एक्स्टेन्शन पुरे.

डेटाबेस हवा असेल तर निवड झॅम्प आणि लॅरागॉन यांत; दोन्हींत अपाची, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र मिळतात. झॅम्पचं डाउनलोड दीडशे एमबीच्या आसपास, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जमण्यासारखं. कॉलेजच्या लॅबमध्ये झॅम्प असेल, सर त्याच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्येच फाइल टाकायला सांगत असतील, तर घरीही तेच ठेवा. व्हायव्हाच्या दिवशी प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर चालवताना घाम फुटत नाही. अपाची सुरू होत नसेल तर आधी ८० नंबरचा पोर्ट कोणी धरलाय ते बघा. सहसा आयआयएस, म्हणजे विंडोजचाच वेब सर्व्हर, निघतं. अपाचीच्या सेटिंगमध्ये ८० चं ८०८० केलं की काम होतं. आणि सर्व्हिस म्हणून इन्स्टॉल करायचा मोह टाळा, नाहीतर लॅपटॉप उघडला की अपाची आणि डेटाबेस दोन्ही आपोआप चालू.

दोन-चार दुकानदारांच्या साइट करून चार पैसे मिळवायचे असतील तर मी लॅरागॉन घेईन. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरमध्ये 'किराणा' अशा अर्थाचं इंग्रजी नावाचं फोल्डर केलं की त्याच नावाला डॉट टेस्ट जोडून पत्ता आपोआप तयार. पीएचपीच्या आवृत्त्या मेनूतूनच बदलता येतात. फक्त सहाव्या आवृत्तीनंतर परवान्याचा मामला आलाय, तो वाचून घ्या. डॉकरचा, म्हणजे प्रत्येक प्रोजेक्ट वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनाचा, विचार ८ जीबी रॅमच्या खाली करू नका.

आता लाईटचं. बॅटरी मेलेला लॅपटॉप, चालू डेटाबेस आणि अचानक गेलेली लाईट, हे तिन्ही एकत्र आलं की पुढच्या वेळी डेटाबेस सुरूच होत नाही असं होऊ शकतं. झॅम्प असो वा लॅरागॉन, धोका तोच. उठण्याआधी पीएचपीमायअ‍ॅडमिनसारख्या डेटाबेस हाताळायच्या साधनातून एक्सपोर्ट घ्या, पॅनेलमधून स्टॉप करा, मगच झाकण लावा. ग्रंथालय किंवा हजेरीसारखा छोटा प्रोजेक्ट असेल आणि सरांची मायएसक्यूएल डेटाबेसचीच अट नसेल, तर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस बघा. सगळा डेटा एका फाइलमध्ये, वेगळा प्रोग्राम चालू ठेवायला नको, आणि वरचा पीएचपीचा सर्व्हरच पुरतो. विंडोजच्या झिपमध्ये पीएचपीची सेटिंग फाइल तयार नसते. डेव्हलपमेंटवाल्या नमुन्याची कॉपी करून तिला php.ini नाव द्या आणि extension_dir = "ext" व पीडीओ एसक्यूलाइट या दोन्ही ओळींपुढचा अर्धविराम काढा.