दादरचा बिंज इटिंग प्रोग्रॅम: इथे काटा नंतर, आधी डायरी (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगते, लग्नाआधी दहा किलो उतरवायचेत वगैरे असेल तर इथे जाऊ नका, पैसे वाया गेले असं वाटेल. हे वजन कमी करायचं सेंटर नाहीये, बिंज इटिंगवर म्हणजे ताबा सुटून खूप खाण्याच्या आजारावर इथे उपचार होतात. दादर वेस्टला स्टेशनपासून चालत जाता येतं, एक सायकियाट्रिस्ट मॅडम, दोन सायकॉलॉजिस्ट आणि एक डाएटिशियन असं छोटं क्लिनिक आहे, नाव मुद्दाम देत नाही कारण तिथल्या ग्रुप सेशनला येणारे लोक सहज ओळखता येतील.

माझा प्रॉब्लेम असा की दिवसभर ऑफिसात व्यवस्थित, डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, आणि रात्री घरचे झोपले की ओट्याशी उभं राहून फरसाणाचं पाकीट, मग गार वरणभात, मग लाडवांचा डबा, चव पण कळत नाही आणि हात पण थांबत नाही, आणि नंतर स्वतःचा इतका राग येतो की रडू येतं. वर्षानुवर्षं मला हे खादाडपणाच वाटायचं आणि आई म्हणायची, अगं मनावर जरा ताबा ठेव. तर हा आजार आहे, २०१३ पासून अमेरिकन सायकियाट्रीच्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात, त्याला स्वतंत्र निदान म्हणून जागा आहे. आठवड्यातून निदान एकदा असा ताबा सुटून खाण्याचा प्रकार, तीन महिने सलग, आणि नंतर उलट्या काढणं वगैरे नाही, असं ढोबळमानाने. जाड माणसालाच होतो असंही नाही, आणि प्रत्येक जाड माणसाला हा असतो असं तर मुळीच नाही.

याआधी मी अंधेरीला एका मोठ्या वेट लॉस सेंटरला गेले होते. तिथे टॅबवर वजन-उंची टाकली आणि एआय रिपोर्ट म्हणून एक रंगीत ग्राफ हातात दिला, ९० दिवसांत तुमचं वजन इथे येणार म्हणून. रात्री काय होतं, झोप कशी आहे, मन कसं आहे, एकाने विचारलं नाही. ग्राफ दाखवून पॅकेज घ्यायला लावलं आणि वजन उतरलं नाही तेव्हा तुम्ही डाएट पाळलं नाही म्हणाले. मला त्या ग्राफचा अजून राग आहे, कारण तो बघून मी खरंच आशा लावली होती.

दादरला उलटं. पहिली अपॉइंटमेंट लांबलचक होती, प्रश्नावल्या मराठीत भरून घेतल्या, डिप्रेशनची ती नऊ प्रश्नांची पण होती, आणि मॅडमनी एक प्रश्न तीन-चार वेगवेगळ्या प्रकारे विचारला, की माणूस म्हणून तुमची किंमत तुम्ही किती प्रमाणात वजनावरून आणि दिसण्यावरून ठरवता? मी विचारलं हे एवढं का. तर म्हणाल्या, ज्यांच्यात हे जास्त असतं त्यांच्यात बिंज पूर्ण सुटण्याचं प्रमाण कमी दिसतं, त्यामुळे तुमच्या बाबतीत नुसत्या जेवणाच्या वेळा सुधारून भागणार नाही, यावर वेगळं काम करावं लागेल. इतकं सरळ मला आजवर कुणी बोललं नव्हतं.

मी टक्केवारी मागितली, म्हटलं माझं बरं होण्याचे चान्सेस किती? त्यांनी आकडा दिला नाही. पहिल्या दिवशीच्या माहितीवरून एका माणसाचं पुढे काय होणार हे नेमकं सांगता येत नाही म्हणाल्या. अमेरिकेत संशोधकांनी मशीन लर्निंग, म्हणजे एआयचाच प्रकार, लावून बघितलं तेव्हा साध्या जुन्या स्टॅटिस्टिक्सपेक्षा ते काही फार वरचढ ठरलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मग काय उपयोगी पडतं, तर पहिले चार आठवडे. चार आठवड्यांत बिंज साधारण ६५-७० टक्के कमी झाले तर शेवटी ते पूर्ण थांबण्याची शक्यता बरीच वाढते, हे कितीतरी अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. नाही झाले तर उपचार बदलायचा किंवा जोडीला काहीतरी द्यायचं, पेशंटला दोष द्यायचा नाही. नुसतं औषध चालू असेल आणि सुरुवातीच्या आठवड्यांत काहीच फरक नसेल तर पुढे वाट बघण्यात फारसा अर्थ नसतो, थेरपीत, म्हणजे सायकॉलॉजिस्टशी बोलून करायच्या उपचारात, मात्र उशिरा सुधारणारे पण असतात.

म्हणून इथे सगळा भर डायरीवर. साधी छापील वही आहे, रकाने असे: वेळ, कुठे, काय खाल्लं, ताबा सुटला का, आणि त्याआधी काय झालं. शेवटचा रकाना भरायला मला सगळ्यात जड गेला. एका पानावर मी लिहिलं होतं, रात्री ११.४०, किचन, उभ्याने, अर्धा किलो चिवडा, ताबा सुटला हो, त्याआधी: दुपारी साडेबारानंतर काहीच नाही. सायकॉलॉजिस्टने त्या ‘काहीच नाही’ वर पेन ठेवलं आणि मागची पानं उलटून दाखवलं, बहुतेक सगळ्या बिंजच्या आधी तीच ओळ. मग नियम एकच, तीन जेवणं, दोन-तीनदा मधलं खाणं, आणि चार तासांपेक्षा जास्त गॅप नाही. लोकलमध्ये उभ्याने चणे-केळं खायला सुरुवातीला लाज वाटली, पण ऐकलं.

संकष्टीचं काय करायचं हा घरात मोठा प्रश्न होता. मॅडमनी आईला सेशनला बोलावलं आणि तिला कुठेही कमी न लेखता सांगितलं की काकू, उपास देवाचा आहे हे मला कळतं, पण हिच्या बाबतीत दिवसभर पोट रिकामं ठेवलं की चंद्रोदयानंतर काय होतं ते या वहीत बघा. आई बराच वेळ पानं चाळत होती. आता घरी संकष्टीला माझी खिचडी वेळेवर मिळते आणि ताबा ठेव हे वाक्य बंद झालंय.

चौथ्या आठवड्याला वही समोर ठेवून हिशोब केला, माझे बिंज निम्म्याहून जास्त कमी झाले होते, पण ती घट ६५ टक्क्यांपर्यंत पोचली नव्हती. त्याच दिवशी प्लॅन बदलला, डिप्रेशनचा स्कोअर जास्त होता म्हणून औषध सुरू केलं आणि दिसण्यावरून स्वतःची किंमत ठरवण्यावरचं, म्हणजे आरशाबद्दलचं, कपड्यांबद्दलचं काम वाढवलं. माझ्या मते या क्लिनिकची खरी किंमत या एका भेटीत आहे. बाकी सगळीकडे चार महिन्यांनी कळतं की जमत नाहीये, इथे चार आठवड्यांत विचारतात.

वजन? थोडंच उतरलं. ते पण आधीच सांगितलं होतं, की या थेरपीने बिंज थांबतात पण वजन बहुतेकांचं फार खाली जात नाही. अमेरिकेत २०५ जणांवर झालेला, २०१० मध्ये छापलेला अभ्यास आहे, त्यात दोन वर्षांनंतर बिंजमुक्त राहण्यात थेरपीवाले नुसत्या वेट लॉस प्रोग्रॅमवाल्यांपेक्षा पुढे होते. मला ते पटलं, कारण माझी रात्र सुटली, काटा नंतर बघू. ग्रुपमधल्या एका दादांचं बॅरिअ‍ॅट्रिक ऑपरेशन, म्हणजे वजन कमी करायला पोटावर करतात ते, ठरलंय, त्यांना वाटत होतं बिंज आहे म्हणजे ऑपरेशन फुकट जाणार. त्यांना समजावलं की आधीच्या बिंजवरून पुढचं वजन नीट सांगता येत नाही, ऑपरेशननंतर ताबा सुटून खाणं सुरू झालं तर मात्र धोका, म्हणून नंतरचा फॉलोअप सोडायचा नाही.

एक स्टार का कापला, तर वेटिंग रूमच्या हात असलेल्या अरुंद खुर्च्या. ज्या क्लिनिकात जाड माणसं येतात तिथे बसायला अशी खुर्ची? आणि रिसेप्शनवर वजन मोठ्याने वाचून लिहितात, हे ताबडतोब थांबवा प्लीज, मी लेखी पण दिलंय. शनिवारचा स्लॉट मिळत नाही. फी सेशनला दोन हजारच्या आसपास, कोर्स वीसेक आठवड्यांचा, म्हणजे सगळ्यांना झेपणारं नाही. तेवढं नसेल तर केईएम, सायन, नायर तिन्हीकडे सायकियाट्री ओपीडी आहे, गर्दी असते पण जा, आणि रात्री फारच वाईट वाटत असेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात.

जाताना थायरॉइड आणि शुगरचे जुने रिपोर्ट घेऊन जा, आणि आठवडाभर काय, कधी खाल्लं ते मोबाईलमध्ये तरी लिहून ठेवा, पहिली भेट खूप कामाची होते.