क्लाउडचे भाडे: माहिती आत नेणे फुकट, बाहेर काढणे महाग

संगणक आणि साठवणुकीची जागा इंटरनेटवरून भाड्याने देणाऱ्या (म्हणजेच क्लाउड सेवा पुरवणाऱ्या) अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसचा मुंबई विभाग, म्हणजे तिथल्या डेटा केंद्रांचा समूह, २०१६ साली सुरू झाल्यापासून आपल्याकडील छोट्या उद्योगांना मोठ्या भांडवलाशिवाय भरवशाची सेवा मिळू लागली, हे मान्यच करावे लागेल. एस-थ्री या साठवण सेवेचा टिकाऊपणा तर खरोखर वाखाणण्याजोगा आहे. आक्षेप आहे तो दरांच्या रचनेवर. माहिती आत आणायला शुल्क नाही, पण तीच इंटरनेटवरून बाहेर न्यायची झाल्यास महिन्याच्या पहिल्या १०० जीबीनंतर मुंबईतून प्रत्येक जीबीमागे सुमारे ११ सेंट मोजावे लागतात. साठवणुकीचा दर महिन्याला जीबीमागे अडीच सेंटच्या आसपास असल्यामुळे, एक टेराबाइट (सुमारे हजार जीबी) माहिती एकदाच बाहेर काढण्याचा खर्च तिच्या महिन्याच्या भाड्याच्या जवळपास चौपट होतो, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. दुसरीकडे जाण्याचा विचार ग्राहकाच्या मनात येऊच नये, अशीच ही मांडणी मला वाटते. कायमचे सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ करण्याची तयारी कंपनीने मार्च २०२४ मध्ये दाखवली. रोजच्या वापराचा दर मात्र तसाच राहिला.

उलट त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्त्याला, म्हणजे इंटरनेटवरून संगणकापर्यंत पोहोचण्यासाठी लागणाऱ्या अंकी पत्त्याला, तासाला अर्धा सेंट शुल्क लागू झाले.

याहून गंभीर उणीव म्हणजे ठरवलेली रक्कम ओलांडताच सगळा खर्च थांबवणारी साधी, सरसकट मर्यादा नाही. बजेटची सूचना येते, पण तीही काही तास उशिरा, आणि तोवर मीटर चालूच असते.