सर्व्हेलन्स सेल्फ-डिफेन्स: आधी प्रश्न, मग सल्ला

ऑनलाइन सुरक्षेचा सल्ला आपल्याकडे बहुधा सरसकट दिला जातो. ओटीपी सांगू नका, पासवर्ड बदलत राहा, अनोळखी लिंक उघडू नका, ही वाक्ये खोटी नाहीत. परंतु निवृत्तिवेतनावर जगणारे गृहस्थ, नवऱ्यापासून वेगळी झालेली स्त्री आणि वाळूमाफियांविरुद्ध बातम्या देणारा वार्ताहर या तिघांच्या हाती एकच यादी देऊन भागत नाही. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या १९९० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे ‘सर्व्हेलन्स सेल्फ-डिफेन्स’ हे मोफत मार्गदर्शक या फरकापासूनच सुरुवात करते. ते २००९ मध्ये सुरू झाले आणि २०१४ मध्ये त्याची नव्याने मांडणी झाली.

त्यातील सर्वांत मोलाचे प्रकरण स्वतःची सुरक्षा-योजना कशी आखावी हे सांगणारे आहे. कोणतेही ॲप सुचवण्याआधी ते वाचकाला विचारते की तुम्हाला काय जपायचे आहे, कोणापासून जपायचे आहे, ते जपता आले नाही तर किती नुकसान होईल, तशी वेळ येण्याची शक्यता किती आणि ते टाळण्यासाठी तुम्ही किती त्रास सोसायला तयार आहात. धोका आणि त्याची शक्यता यांतील भेद समजावताना दिलेले उदाहरण साधे आहे: इमारत कोसळण्याचा धोका सॅन फ्रान्सिस्कोत आणि स्टॉकहोममध्येही असतो, पण भूकंप नेहमीचे असल्यामुळे पहिल्या शहरात त्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

त्रासाविषयीचा शेवटचा प्रश्न मला विशेष प्रामाणिक वाटतो, कारण सुरक्षेची किंमत गैरसोयीच्या रूपाने मोजावी लागते हे सल्ला देणारे सहसा सांगत नाहीत. आयफोनमधील, हेरगिरीच्या सॉफ्टवेअरपासून बचावासाठी असलेल्या लॉकडाउन मोडचेच पाहा. २०२२ मध्ये आयओएस १६ सोबत आलेल्या या सोयीमुळे संदेशांसोबत येणाऱ्या बहुतेक प्रकारच्या फाइली (अटॅचमेंट) अडवल्या जातात आणि काही संकेतस्थळे नीट उघडत नाहीत. सामान्य माणसाने असा जाच ओढवून घेण्याचे कारण नाही. मात्र २०१९ मध्ये पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या हल्ल्यानंतर व्हॉट्सॲपने जगभरातील ज्या सुमारे १,४०० जणांना सावध केले, त्यांत नागपूरचे एक वकीलही होते. अशा व्यक्तीला हीच गैरसोय स्वस्त वाटेल.

विद्यार्थी पत्रकार, आंदोलक, संशोधक अशा वेगवेगळ्या वाचकांसाठी लेखांचे तयार गुच्छही येथे आहेत. त्यामुळे सगळे वाचण्याची सक्ती उरत नाही, आणि घाबरलेल्या माणसाच्या दृष्टीने हा मोठा दिलासा आहे. तरीही लेख लांब आहेत. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांच्यासाठी टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने तयार केलेले आणि २०२० पासून कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक संस्थेकडे असलेले ‘सिक्युरिटी प्लॅनर’ अधिक सोयीचे ठरेल. मोजक्या प्रश्नांच्या उत्तरांवरून ते आटोपशीर यादी देते.

मूळ मार्गदर्शकाची खरी उणीव मात्र वेगळी आहे. त्याचा भर पाळतीवर आहे: सरकार, कंपन्या, जवळची व्यक्ती. आपल्या निवृत्त गृहस्थांचा शत्रू मात्र खाकी गणवेशात व्हिडिओ कॉलवर अवतरतो, ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतो आणि त्यांच्याच हातून पैसे वळते करून घेतो. संवाद कूटबद्ध (एन्क्रिप्टेड), म्हणजे तिऱ्हाइताला वाचता-ऐकता न येणारा, असल्याने येथे काहीच साधत नाही. उलट तो कॉल बहुधा कूटबद्ध ॲपवरूनच आलेला असतो. फोन ठेवावा, घरच्यांना सांगावे आणि पैसे गेलेच असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, हा सल्ला त्यांना इथल्याच कोणीतरी द्यायला हवा. त्याचप्रमाणे मोर्चाला जाण्यापूर्वी बोटाच्या ठशाने फोन उघडण्याची सोय बंद करावी, या मार्गदर्शकातील सूचनेमागे अमेरिकी राज्यघटनेने दिलेल्या संरक्षणाचा विचार आहे. भारतीय आंदोलकाने ती पाळायला हरकत नाही, पण त्याच कायदेशीर आधाराची अपेक्षा न धरता आधी वकिलाला विचारावे हे बरे.

पासवर्डसाठी फासे टाकून शब्द निवडण्याची पद्धत गंमतीची आणि पक्की आहे, परंतु त्यासाठीची ७,७७६ शब्दांची यादी इंग्रजी आहे, आणि अनोळखी भाषेतील सहा शब्द पाठ करायला आजोबांना सांगणे म्हणजे ते कॅलेंडरवर लिहिले जाण्याची व्यवस्था करणे होय.

अरबी, बर्मी, उर्दू अशा अनेक भाषांत हे मार्गदर्शक उपलब्ध आहे, मराठीत नाही. त्यातील मजकूर श्रेय देऊन मुक्तपणे वापरण्याच्या परवान्याखाली असल्यामुळे अनुवादासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही. एखाद्या पत्रकार संघाने किंवा ग्राहक पंचायतीने हे काम हाती घेतले, तर निदान सुरक्षा-योजनेचे ते एक प्रकरण आधी मराठीत आणावे आणि त्यातील सॅन फ्रान्सिस्कोच्या जागी किल्लारी घालावे.