हव्या त्या साइजची टेस्ट फाइल: डीडी आणि ट्रंकेट, आठ महिने वापरल्यानंतर

अपलोड टेस्टिंगसाठी गेले आठ महिने लिनक्सवर जवळपास रोज डीडी (dd, डेटा कॉपी करणारी कमांड) वापरतोय. आधी काय व्हायचं, १० एमबीची फाइल हवी असली की कुठलातरी जुना व्हिडिओ शोधायचा, तो निघायचा ९ चा, मग दुसरा शोधा. आता इनपुट डेव्ह-झिरो (/dev/zero, न संपणारे शून्य देणारी खास फाइल), ब्लॉक साइज म्हणजे एका तुकड्याची साइज १एम, काउंट म्हणजे तुकडे १० दिलं की बरोब्बर १०४८५७६० बाइट्सची फाइल तयार, डोळ्याची पापणी लवायच्या आत. फक्त १एम आणि १एमबी एकच समजू नका, १एमबी म्हणजे इथे सरळ १० लाख बाइट्स, आणि अपलोडचं साइज लिमिट तपासताना हाच फरक नडतो.

पण साइज बरोबर आली म्हणजे टेस्ट बरोबर झाली असं नाही, हे कळायला मला दोन महिने लागले. अपलोड भन्नाट फास्ट दिसत होतं, सगळे खूश, आणि मग लक्षात आलं की फाइलमध्ये नुसते शून्य भरलेत आणि वाटेत कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा दाबून लहान करणं, चालू आहे. शून्यांची १०० एमबीची फाइल जीझिप केली तर जेमतेम १०० केबी उरते, मग स्पीड मोजला तरी कशाचा? तेव्हापासून स्पीडच्या टेस्टला डेव्ह-यूरँडमच (/dev/urandom, रँडम बाइट्स देणारी तशीच फाइल), त्यातला डेटा दाबला जात नाही. बनायला थोडा वेळ लागतो, चालतं. तिथे ब्लॉक साइज मात्र १एमच ठेवा, एकदम १जी दिलं तर लिनक्सच्या जुन्या कर्नलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर) एका रीडमध्ये ३२ एमबीच मिळतात आणि फाइल तेवढीच बनते.

ट्रंकेट (truncate, फाइलची साइज थेट ठरवणारी कमांड) त्याहून झटपट, पण ती फाइल पोकळ असते. फाइलची साइज सांगणारं एलएस १ जीबी दाखवतं, डिस्कवर खरी व्यापलेली जागा सांगणारं डीयू शून्य. डिस्क भरल्यावर ॲप काय करतं हे बघायचं असेल तर ती उपयोगाची नाही, तिथे फॅलोकेट (fallocate) घ्या, ते खरंच जागा अडवतं. ट्रंकेटची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे साइजला +१ दिलं की आहे त्या फाइलला एकच बाइट वाढतो, लिमिटच्या अलीकडे-पलीकडे तपासायला याच्यासारखं सोपं काही नाही.

भीती एकाच गोष्टीची. ट्रंकेटला आधीपासून असलेल्या फाइलचं नाव आणि लहान साइज दिली तर ते न विचारता उरलेला डेटा उडवतं. डीडीच्या ओएफपुढे (of, म्हणजे कुठे लिहायचं ते) चुकून डिस्कचं नाव पडलं तर त्याहून वाईट. मी आता टेस्ट फाइल्ससाठी वेगळा फोल्डर केलाय, आणि डीडी रूट यूझरने (सगळे अधिकार असलेल्या खात्याने) कधीच चालवत नाही.