क्लोरथॅलिडोन : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन ही लघवी वाढवणारी गोळी मी गेल्या हिवाळ्यापासून घेत आहे. सुरुवात २५ मिलिग्रॅमने झाली. आता साडेबारा मिलिग्रॅम आणि जोडीला टेल्मिसार्टन ही रक्तदाबाचीच दुसरी गोळी आहे. रक्तदाब आटोक्यात आला, त्याबद्दल तक्रार नाही. गोळी सकाळी न्याहारीनंतर घेतली की लघवीसाठी रात्री उठावे लागत नाही. लिहायचे आहे ते रक्तातल्या क्षारांविषयी, कारण तिथे चाललेला फेरबदल रक्तदाबाच्या यंत्रावर दिसत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत पहाटे पोटरीत गोळे येऊ लागले आणि जिना चढताना मांड्या भरून यायच्या. डॉक्टरांनी सीरम इलेक्ट्रोलाइट्स, म्हणजे रक्तातले क्षार, तपासायला सांगितले. सोडियम १३७ होते, म्हणजे १३५ ते १४५ या मर्यादेत. पोटॅशियम मात्र ३.२ निघाले, जे निदान ३.५ असायला हवे.

यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. ही गोळी मूत्रपिंडातील नलिकेच्या एका टप्प्यावर सोडियम आणि क्लोराइड यांचे पुनःशोषण अडवते; ते सोडियम पुढच्या टप्प्यावर पोहोचते, तिथे ॲल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने शरीर त्यातले काही परत घेते आणि त्या बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे सोडून देते. साहजिकच खाण्यात मीठ जितके जास्त, तितके पोटॅशियमही अधिक जाते. ‘रोज केळे खा, शहाळे प्या’ हा सल्ला सगळेच देतात, पण लोणचे-पापड कमी करणे त्याहून महत्त्वाचे, असे माझे मत झाले आहे. मॅग्नेशियमही या गोळीने घटू शकते आणि ते कमी असेल तर पोटॅशियम भरून निघायला वेळ लागतो. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइट्सच्या तपासणीत ते नसते, वेगळे सांगावे लागते.

मात्रा निम्मी करून टेल्मिसार्टन जोडल्यावर, ते पोटॅशियम धरून ठेवत असल्यामुळे, पुढच्या अहवालात आकडा ४.२ वर आला आणि गोळे थांबले. मात्र आता दुकानात मिळणारे ‘लो सोडियम’ मीठ मी घरात आणत नाही, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असते आणि या जोडीबरोबर पोटॅशियम गरजेपेक्षा जास्त वाढण्याचा धोका असतो. स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम धरून ठेवणारी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी तर त्यापासून दूरच राहावे.

वयस्कर स्त्रियांमध्ये याच गटातील गोळ्यांनी सोडियम उतरण्याची शक्यता अधिक असते. तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे याला ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. लघवी जास्त होते म्हणून तांब्याच्या तांब्या पाणी पाजणाऱ्या नातेवाइकांनी तर हे जरूर लक्षात घ्यावे, कारण जादा पाण्याने सोडियम आणखी पातळ होते. जुलाब-उलट्या सुरू झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. क्लोरथॅलिडोनचा अंमल दोन-तीन दिवस टिकतो, त्यामुळे आज गोळी थांबवली तरी परिणाम आज थांबत नाही.

यूरिक ॲसिडही या गोळीने वाढते. माझे ७ च्या थोडे पुढे गेले आहे, पण त्यामुळे होणाऱ्या गाउट या सांधेदुखीने पायाचा अंगठा अजून दुखलेला नाही. त्यामुळे गोळी चालू आहे आणि पुढची रक्ततपासणी दिवाळीनंतर आहे.